वस्तीची पूर-फळी: कोणत्या पातळीला कोणी काय करायचं

काठावरून
पुराच्या तयारीचा विषय निघाला की टॉर्च, दोर, औषधं, कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये अशी यादी पुढे येते. यादी चुकीची नाही, पण तिच्या जोरावर वस्ती हलत नाही. पाणी कुठल्या खुणेला लागलं की काय करायचं आणि ते करणारं माणूस कोण, या दोन गोष्टी कोरड्या दिवसांत ठरलेल्या असतील तरच ती हलते. अशी कामं आधीच वाटून घेतलेली माणसं म्हणजे वस्तीची पूर-फळी. या धाग्यात तेवढंच, पण तपशिलात मांडू या.

हिशोब शेवटाकडून सुरू करायचा. वस्तीतून बाहेर पडायचा रस्ता पहिल्यांदा कुठे बुडतो ती जागा शोधा. बहुतेक ठिकाणी घरात पाणी शिरायच्या बरंच आधी एखादी मोरी (रस्त्याखालून पाणी जायची वाट) किंवा रस्त्याचा खोलगट भाग पाण्याखाली जातो. घरं कोरडीच असतात, पण वस्तीचं बेट होतं. म्हणून इशाऱ्याची खूण उंबऱ्यावरून ठरवायची नाही, त्या खोलगट जागेवरून ठरवायची.

समजा निर्णय पोचायला अर्धा तास, दारोदार निरोप द्यायला एक तास आणि सगळ्यात सावकाश हलणाऱ्या घराला (अंथरुणाला खिळलेलं माणूस, तान्हं मूल, जनावरं) तीन तास लागतात. एकूण साडेचार तास. नदी तासाला २० सेंमी चढत असेल तर तेवढ्यात ९० सेंमी चढेल. म्हणजे रस्ता बुडतो त्या पातळीच्या ९० सेंमी खाली 'निघा'ची खूण. ती तासाला ४० सेंमी चढत असेल तर हीच खूण १८० सेंमी खाली जाते. चढण्याचा वेग माहीत असलेल्या सगळ्यात जोरदार पुरातला धरा, सरासरी धरू नका. 'निघा'च्या खुणेखाली 'तयार राहा' आणि त्याही खाली 'लक्ष ठेवा'. तीन खुणा पुरेत. पाचसहा रंग केले की लोक विसरतात.

'निघा'च्या खुणेला पाणी लागलं की बैठक घ्यायची नाही. बैठक झालेली असते, म्हणूनच तर खूण मारलेली असते.

मोजपट्टी
खूण कुठे मारायची यावर थोडं. सोय म्हणून सगळे पुलाच्या खांबावर रंग मारतात. खांबाच्या प्रवाहाकडच्या अंगाला पाणी थडकून वर चढतं आणि मागच्या अंगाला खाली बसतं. जोराच्या पुरात दोन्हीकडच्या आकड्यांत चांगलाच फरक पडतो. पट्टी शक्यतो काठालगत, संथ पाण्यात, पुलापासून थोडी दूर लावा.

काठ उतरता असेल तर एक उंच पट्टी न लावता पायऱ्यांसारख्या तीनचार आखूड पट्ट्या लावा. प्रत्येक पट्टीचं वरचं टोक पुढच्या पट्टीच्या खालच्या टोकाच्या थोडं वर असू द्या, म्हणजे मधे आकडा तुटत नाही. शून्य उन्हाळ्यातल्या तळपाण्याच्याही खाली घ्या, नाहीतर उणे आकडे येतात आणि फोनवर सांगताना घोळ होतो. दर १० सेंमीला ठळक आकडा, रात्री विजेरीत चमकेल असा रंग. लाटा असतील तर लाटेचा माथा आणि तळ पाहून मधला आकडा घ्यायचा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पट्टीचा शून्य जवळच्या पक्क्या खुणेशी (दगडी पायरी, इमारतीचं जोतं) लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं) जोडून तो फरक लिहून ठेवा. पट्टी एखाद्या पुरात वाहून जातेच. तो फरक लिहिलेला नसेल तर नवी पट्टी लावताना जुन्या सगळ्या नोंदी वाया जातात.

वाचनाची वेळ: 'लक्ष ठेवा'ला तासाला एकदा, 'तयार राहा'पासून दर १५ मिनिटांनी. आकड्यासोबत वेळ लिहा, कारण निर्णय चढण्याच्या वेगावर होतो, नुसत्या उंचीवर नाही.

रेवती_ग
पट्टी वस्तीतच असेल तर पाणी आलंय हे पाणी आल्यावरच कळणार ना? वरच्या अंगाच्या गावातून निरोप मिळाला तर किती वेळ हाताशी येतो, हे काढायची काही रीत आहे का?

मोजपट्टी
@रेवती_ग, आहे. पुराची चढ पाण्याच्या कणांपेक्षा जोरात पुढे सरकते, ढोबळपणे पाण्याच्या सरासरी वेगाच्या दीडपट. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या ओंडक्याचा वेग मोजला तर सरासरी वेग त्याच्या साधारण ०.८५ पट धरतात. सरासरी वेग सेकंदाला २ मीटर असेल तर चढ ३ मीटरने येईल, म्हणजे २० किलोमीटर वरच्या पट्टीवरून पावणेदोन ते दोन तास. पाणी पात्र सोडून शेतांत पसरलं की हा वेग मंदावतो. त्यामुळे ही फक्त पहिली अटकळ. खरा आकडा दोन्ही पट्ट्यांच्या नोंदींतून काढायचा: वरचा कमाल आकडा कधी, खालचा कधी. दोनतीन पुरांच्या नोंदी झाल्या की तक्ता तयार होतो.

मधे उपनदी मिळत असेल तर वरच्या पट्टीचा तक्ता एकटा चालत नाही. दुसरी पट्टी उपनदीवर लागते. वर धरण असेल तर विसर्गाचा आकडा कोण, कुणाला, कशावर कळवणार हे मोसमाआधी लेखी ठरवून घ्या.

नेपाळमध्ये कर्णाली नदीवर चिसापानीच्या पाणीपातळी मोजणाऱ्या केंद्रातला निरीक्षक खालच्या वस्त्यांना थेट फोन करतो आणि तिथून पुढे भोंगे वाजतात. या पद्धतीचं बळ यंत्रापेक्षा त्या एका थेट फोनमध्ये आहे. निरोप चार कचेऱ्या फिरून आला असता तर हातातले दोनतीन तास वाटेतच संपले असते.

ओढ्याकाठी
हे सगळं मोठ्या नदीला लागू. लहान ओढा किंवा शहरातला नाला अर्ध्या तासात भरतो, तिथे पट्टी बघेपर्यंत पाणी दारात. तिथे पावसाचा आकडाच खूण म्हणून वापरावा लागतो. एक चौरस किलोमीटरवर १०० मिमी पाऊस म्हणजे १ लाख घनमीटर पाणी. जमीन आधीच भिजलेली किंवा काँक्रीटची असेल तर त्यातलं बहुतेक सगळं नाल्यात येतं.

सरळ उभ्या भिंतींचं, सपाट बुडाचं कुठलंही भांडं उघड्यावर ठेवलं तरी आतली पाण्याची उंची म्हणजेच पाऊस मिमीमध्ये. निमुळतं भांडं चालत नाही. भिंती आणि झाडांपासून लांब ठेवायचं. वरच्या अंगाला अशी तीन भांडी आणि ती वाचणारी तीन घरं असली की 'तासात इतके मिमी झाले की तळमजले रिकामे' असा नियम बांधता येतो. तो आकडा जुन्या पुरांच्या नोंदींतून येतो आणि दर मोसमाला सुधारतो.

नालेसफाई करताना खालून वर यायचं. वरचा भाग आधी मोकळा केला तर पाणी खालच्या तुंबलेल्या मोरीवर आणखी लवकर येऊन आदळतं. काढलेला गाळ काठावर ठेवला तर पहिल्याच पावसात परत आत जातो, तो त्याच दिवशी उचलायचा. मोरीच्या तोंडाशी जाळी असेल तर ती पावसाआधी आणि दोन सरींच्या मधल्या उघडिपीत साफ करायची. पाणी वाहत असताना कुणीही हाताने जाळी मोकळी करायला उतरायचं नाही. मोरी माणसाला जाळीवर दाबून धरते, मग बाहेर पडता येत नाही.

शालिनी_कुंभोजे
माणसांच्या बांधणीवर लिहिते.

एका दारात बोलून खात्री करायला तीन मिनिटं धरा. २५ घरं म्हणजे ७५ मिनिटं. त्यामुळे गट २० ते २५ घरांचा ठेवायचा, त्याहून मोठा झाला की शेवटच्या घराला उशीर होतो. प्रत्येक गटाला दोन माणसं आणि एक राखीव. दोघांपैकी एक जण तरी दिवसा वस्तीत असणारा हवा. सगळे प्रमुख नोकरीवर जाणारे असले की दुपारच्या पुराला फळी कागदावरच राहते.

निरोप एका वाक्यात, आधी लिहून ठेवलेला: पाणी कुठवर, कुठे जायचं, कुठल्या रस्त्याने, किती वाजेपर्यंत. 'सतर्क राहा' हा निरोप नव्हे, तो ऐकून कुणी उठत नाही. ऐकणाऱ्याकडून परत म्हणवून घ्यायचा. माणूस निघून गेलं की दारावर खडूने ठरलेली खूण करायची, म्हणजे दुसरी फेरी फक्त राहिलेल्या घरांची होते.

मोबाइलवर भिस्त नको. वीज गेली की टॉवर बॅटरीवर काही तासच चालतो. भोंगा, मेगाफोन, घंटा यांतलं एक ठरवा आणि त्याचा अर्थ मुलांनाही माहीत असू द्या. बांगलादेशात १९७० च्या चक्रीवादळानंतर, १९७२ मध्ये सुरू झालेल्या चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रमात धोक्यानुसार एक, दोन, तीन झेंडे लावतात. वाचता न येणाऱ्यालाही कळतं. तिथे आज ७० हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या स्त्रिया. १९९१ च्या वादळात पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त दगावल्या होत्या. घरातल्या पुरुषाची वाट बघत थांबणं आणि निवाऱ्यात जायचा संकोच ही त्यामागची मोठी कारणं. दारात बाई आली की घरातली बाई लवकर निघते, हे फळी बांधताना पहिल्या दिवसापासून धरा.

काठावरून
@शालिनी_कुंभोजे, खडूच्या खुणेबद्दल एक. पावसात खडू पुसतो. कडीला रंगीत चिंधी बांधली तर टिकते.

बांधावरचा_पहारा
वाळूच्या पोत्यांबद्दल फार भाबड्या कल्पना आहेत. आधी आकडे बघा. ६० सेंमी उंचीची भिंत टिकायची तर पाया उंचीच्या तिप्पट, म्हणजे १८० सेंमी रुंद लागतो. एका मीटर लांबीला ६० ते ७० पोती. शंभर मीटरला सहासात हजार. दोन माणसं तासाभरात साधारण १०० पोती भरून रचतात. म्हणजे वीस जोड्यांना न थांबता तीन-साडेतीन तास, आणि तेही वाळू जागेवर येऊन पडलेली असेल तर. पाणी तासाला २० सेंमीने चढत असताना अख्खी गल्ली पोत्यांनी वाचवू म्हणणं म्हणजे माणसं थकवणं. पोती ठेवायची ती बांधातल्या खोलगट जागा, ट्रान्सफॉर्मर, पाण्याचा पंप, दवाखान्याचं दार अशा मोजक्या ठिकाणांसाठी, आणि ती यादी आधी करायची.

भरताना पोतं अर्ध्यापासून दोन-तृतीयांशापर्यंतच भरा. गच्च भरलेलं पोतं दगडासारखं राहतं, शेजारच्याशी बसत नाही आणि फटींतून पाणी येतं. तोंड आवळून बांधायची गरज नाही. मोकळं तोंड खाली दुमडून, पाणी येतं त्या दिशेकडे ठेवून, पुढचं पोतं त्यावर चढवायचं. विटांसारखे सांधे चुकवायचे आणि प्रत्येक थर पायाने तुडवायचा. खाली गवत, पालापाचोळा असेल तर आधी खरवडा, नाहीतर पाणी भिंतीच्या खालूनच वाट काढतं.

निनाद७
पण घराच्या दाराला पोती लावून, फळ्या ठोकून पाणी पूर्ण बाहेर ठेवता आलं तर का ठेवू नये? सामान तरी वाचेल.

बांधावरचा_पहारा
@निनाद७, ६० सेंमीपर्यंत ठीक. त्यापुढे नाही. भिंतीच्या एका मीटर रुंदीवर ६० सेंमी पाण्याचा रेटा साधारण १८० किलोचा असतो. उंची दुप्पट केली, १२० सेंमी, की रेटा चौपट, ७२० किलो. साधी विटांची भिंत आडव्या रेट्यासाठी बांधलेली नसते, ती आत कोसळते आणि आतल्या माणसांसकट. पाणी ६० सेंमीच्या वर जाणार असं दिसलं तर अडथळे काढून पाणी आत येऊ द्यायचं, म्हणजे दोन्हीकडचा रेटा सारखा होतो. तोवर माणसं बाहेर पडलेली हवीत. तळघराचंही तसंच: पूर ओसरल्यावर एकदम उपसू नका. बाहेरची जमीन अजून पाण्याने फुगलेली असते, रिकाम्या तळघराच्या भिंती आत ढकलल्या जातात. दिवसाला एक-तृतीयांश एवढंच पाणी काढा.

आता बांधाचा पहारा. मातीचा बांध पाणी वरून वाहिल्याने फुटतो हे सगळ्यांना दिसतं, पण आतून पोखरला गेल्याने फुटतो तो आधी वस्तीच्या बाजूच्या पायथ्याशी दिसतो. तिथे ओल धरते, मग बारीक उमाळा फुटतो. पाणी स्वच्छ असेल तर नोंद करून नजर ठेवा. गढूळ असेल, भोवती वाळूचं गोल वारूळ साठत असेल, तर बांधाची माती वाहून येते आहे.

इथे बरेच जण उमाळ्याच्या तोंडावर पोती टाकून तो बुजवतात. हे सगळ्यात घातक. दाबलेलं पाणी बाजूला दुसरीकडे फुटतं. बरोबर रीत अशी: उमाळ्याभोवती जागा सोडून पोत्यांचं कडं रचा, त्याचा पाया उंचीच्या निदान दीडपट रुंद. आत पाणी साठून चढू द्या. त्या पाण्याच्या वजनाने उमाळ्याचा जोर कमी होतो. पाणी स्वच्छ येऊ लागलं की उंची वाढवणं थांबवा, आणि कड्याच्या माथ्याला एका बाजूने वाट ठेवून ते बांधापासून लांब काढून द्या. जपानमध्ये स्थानिक पूररोधक दलं हेच कडं दर वर्षीच्या सरावात रचतात. तिथे १९४९ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे.

पहारा जोडीने, एकाने माथ्यावरून आणि दुसऱ्याने पायथ्याने. अर्धा ते एक किलोमीटरचा टप्पा. उंदीर-घुशींची बिळं, कापलेल्या झाडांचे बुंधे, बांधातून गेलेले पाइप आणि जनावरांच्या वाटेने झिजलेला माथा या चार जागांवर कोरड्या दिवसांत खुणेच्या खुंट्या ठोकून ठेवा. आणि पाणी उतरू लागलं म्हणून पहारा उठवू नका. पाणी झपाट्याने उतरतं तेव्हा भिजलेला नदीकडचा उतार घसरतो.

अभिजित_तारा
विजेचं कुणी लिहिलं नाही म्हणून. 'तयार राहा'ला मेन स्विच बंद, पण पाय आणि जमीन कोरडी असतानाच. पाण्यात उभं राहून मेनला हात लावायचा नाही, तेव्हा फक्त वीज कंपनीकडून फीडर (वस्तीला वीज आणणारी लाइन) बंद करवून घ्यायचा. तो फोन कोण करणार हेही लिहून ठेवा. छतावरचे सौर पॅनेल मेन बंद केला तरी उजेडात वीज देत राहतात आणि इन्व्हर्टरची बॅटरी जिवंतच असते. या दोन गोष्टींवर घरोघर ठळक खूण हवी. जनरेटर दार-खिडक्यांपासून निदान ६ मीटर लांब, उघड्यावर. धुरातला कार्बन मोनॉक्साइड पुरानंतरच्या मृत्यूंचं नेहमीचं कारण आहे.

गॅसचा रेग्युलेटर बंद करून सिलिंडर बांधून ठेवा, रिकामा तर नक्कीच तरंगतो. संडास आणि न्हाणीच्या जाळीतून मैलापाणी उलटं येतं. एकमार्गी झडप बसवलेली असेल तर पावसाआधी उघडून पाहा. तिच्या पात्यात चिंधी किंवा खडा अडकला की ती उघडीच राहते. झडप नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं वाळूचं पोतं संडासाच्या भांड्यात बसवा.

नावाडी_१
पाण्यात उतरण्याबद्दल. फळीच्या माणसांनी पाण्यात उतरायचं नाही, हा नियम लेखी असावा. जोराने वाहणारं १५ सेंमी पाणी मोठ्या माणसाला पाडतं, ३० सेंमी लहान गाडी उचलतं, ६० सेंमी बहुतेक गाड्या वाहून नेतं. ब्रिटनमध्ये वापरतात ते सूत्र सोपं आहे: खोली (मीटर) गुणिले (वेग + ०.५), वेग सेकंदाला मीटरमध्ये, आणि वाहत्या कचऱ्यासाठी वरून थोडी भर. उत्तर ०.७५ च्या वर गेलं की मुलं-म्हातारी धोक्यात, १.२५ च्या वर बहुतेक सगळे, २ च्या वर बचाव करणारेसुद्धा. अर्धा मीटर खोल आणि सेकंदाला २ मीटर वेग: ०.५ × २.५ = १.२५. गुडघाभर पाणीच तर आहे म्हणून लोक शिरतात ते हेच पाणी.

हाती ठेवायचं ते तरंगणारा १५-२० मीटर दोर भरलेली फेकपिशवी, लांब बांबू आणि काठावरच्या प्रत्येकाला लाइफजॅकेट. आधी बांबू पुढे करा, मग दोर फेका. दोर स्वतःच्या कमरेला बांधायचा नाही, ओढला गेलात तर सुटता येत नाही. गटारांच्या उघड्या तोंडांशी 'तयार राहा'लाच बांबू रोवा, नंतर ती दिसत नाहीत.

शालिनी_कुंभोजे
निवाऱ्याची मापं देते, कारण 'शाळा उघडू' म्हटलं की पुढचा विचार थांबतो. माणशी निदान ३.५ चौरस मीटर, म्हणजे ७० चौरस मीटरच्या वर्गात वीस जण, पन्नास नव्हेत. पाणी माणशी दिवसाला १५ लिटर. सुरुवातीला ५० जणांमागे एक संडास, मुक्काम लांबला तर २० मागे एक, आणि बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट. संडासाच्या वाटेवर दिवा आणि आतून कडी नसेल तर बायका रात्री पाणी पिणं टाळतात.

पिण्याच्या पाण्यासाठी उकळी एक मिनिट. ते जमत नसेल तर सुगंध नसलेलं ५ ते ९ टक्क्यांचं ब्लीच, लिटरला २ थेंब, ढवळून अर्धा तास थांबा. गढूळ असेल तर आधी कापडाने गाळून निवळू द्या आणि थेंब दुप्पट. तेल किंवा कीटकनाशक मिसळलेलं पाणी यातल्या कशानेही शुद्ध होत नाही.

ओढ्याकाठी
एक गोष्ट सुटते आहे. एका काठाने बांध उंचावला की पाणी समोरच्या काठावर चढतं. फळी एकाच वस्तीची असेल तर ती नकळत शेजारच्याचं नुकसान करते. म्हणून वरची, खालची आणि समोरची वस्ती निदान मोसमाआधी एकदा एका टेबलाशी बसली पाहिजे. नेदरलँड्समध्ये तेराव्या शतकापासून पाणीमंडळं (बांध आणि पाणी सांभाळणाऱ्या स्थानिक संस्था) आहेत. तिथे जुन्या काळी प्रत्येक शेतकऱ्याला बांधाचा ठरावीक तुकडा राखायला दिलेला असे. अडचण अशी की एकाचा तुकडा कच्चा राहिला की सगळ्यांची शेतं बुडत, त्यामुळे पुढे वर्गणी गोळा करून काम एकत्र केलं जाऊ लागलं. नालेसफाई 'ज्याच्या दारासमोर त्याने' अशी वाटून दिली की नेमकं हेच होतं.

वरच्या अंगाला पाणी थोपवणंही फळीचं काम होऊ शकतं. इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या पिकरिंग गावाने ओढ्यांत ओंडक्यांचे सैल बांध, झाडं आणि १ लाख २० हजार घनमीटरचा साठवण बांध असा मेळ घातला. ओंडके सैल ठेवायचे, नेहमीचं पाणी खालून जाऊ द्यायचं. पूर्ण अडवलं तर ते भरून बसतात आणि मोठ्या पुराला रिकामी जागा उरत नाही. मोरीच्या जवळ वरच्या बाजूला ओंडके कधीच नकोत, सुटले की तिथेच अडकतात.

रेवती_ग
पूर उतरल्यावर फळीचं काम संपतं का? आणि आजारी माणसांची यादी कुणाकडे असावी? सगळ्यांना मिळावी असं नाही वाटत.

मोजपट्टी
पहिल्या दिवशीच भिंतींवरच्या पाण्याच्या रेघा मोजा, घराघरांत, आत आणि बाहेर. आठवड्यात रंग लागतो आणि पुरावा जातो. रेघेची उंची, तारीख, कमाल पाणी कधी होतं ती वेळ. पुढच्या वर्षीच्या खुणा यावरच ठरतात. 'शंभर वर्षांतला पूर' म्हणजे आता शंभर वर्षं निश्चिंत असं नव्हे. दर वर्षी १ टक्का शक्यता, आणि ३० वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के.

गाळ ओला असतानाच काढा, वाळला की दगड होतो. आधी धुवा, मग ब्लीच. चिखलावर टाकलेलं क्लोरीन चिखलातच खर्ची पडतं. ब्लीच आणि अमोनियाचा क्लीनर एकत्र करायचा नाही, विषारी वायू होतो.

शालिनी_कुंभोजे
@रेवती_ग, यादी कागदावर, दोनच प्रती, बंद लिफाफ्यात: एक गटप्रमुखाकडे, दुसरी पूररेषेबाहेरच्या घरात. त्यात आजाराचं नाव लागत नाही, फक्त गरज लिहा: दोन माणसांनी उचलावं लागतं, ऑक्सिजन यंत्र, डायलिसिसचा वार, ऐकू येत नाही. ज्याच्या नावाची नोंद आहे त्याला विचारूनच. भाडेकरू आणि हंगामी मजूर या यादीतून नेहमी सुटतात, कारण ती घरमालकांना विचारून केलेली असते. मोसमाआधी एकदा आणि मोसमाच्या मध्यावर एकदा, दारात जाऊन.